माळवदावर उतरलेला सेकंद

ऐन दिवाळीत पाली गावात सूर्य मध्यान्हरेषेवर येतो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा-अकरा मिनिटे झालेली असतात. फेब्रुवारीच्या मध्यावर हीच वेळ बारा एक्केचाळीसपर्यंत पुढे जाते. बीडहून सोलापूरकडे निघाले की निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर मागे पडते आणि मांजरसुंब्याचा घाट लागण्याआधी बिंदुसरा प्रकल्पाच्या काठाला हे गाव येते. त्याचा रेखांश सुमारे ७५.७५ अंश पूर्व. भारतीय प्रमाणवेळ ठरते ती ८२.५ अंशांवर. पावणेसात अंशांच्या या फरकाची सत्तावीस मिनिटे होतात. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, म्हणून त्या सत्तावीस मिनिटांत वर्षभर पाव-पाव तासाची भर आणि घट चालू राहते. सावली बघून औत सोडणाऱ्यांना या हिशेबाची कधी गरज पडली नाही.

आज त्याच गावातल्या एखाद्या माळवदावर किंवा स्लॅबवर एक छोटा अँटेना ठेवला, त्याची वायर खाली घेऊन काही शे रुपयांच्या जीपीएस मॉड्यूलला जोडली आणि मोकळ्या आभाळाखाली थोडा वेळ वाट पाहिली, की त्या मॉड्यूलची एक पिन दर सेकंदाला एकदा चालू-बंद होऊ लागते. या पिनेला पीपीएस म्हणतात, सेकंदाला एक पल्स. मॉड्यूलवरचा बारीक एलईडी त्याच तालावर लुकलुकतो. दिसायला यात काही नाही. पण तो पल्स जागतिक प्रमाणवेळेच्या सेकंदाशी काही दशक नॅनोसेकंदांच्या आत जुळलेला असतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, ज्यात प्रकाश जेमतेम तीस सेंटिमीटर जातो. तिसेक वर्षांपूर्वी एवढ्या अचूक सेकंदासाठी मोठ्या प्रयोगशाळेचे दार ठोठवावे लागे. आता तो मागेल त्याच्या छतावर येतो.

हा सेकंद येतो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून. जीपीएसचा प्रत्येक उपग्रह बारा तासांपेक्षा थोड्या कमी वेळात पृथ्वीभोवती फेरी मारतो आणि त्याच्या पोटात रुबिडियमची किंवा सीझियमची आण्विक घड्याळे असतात. त्यांची मूळ वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झ. तिची १५४ पट केली की १५७५.४२ मेगाहर्ट्झ होतात, आणि खिशातल्या मोबाइलपासून ट्रॅक्टरवरच्या ट्रॅकरपर्यंत सगळे याच लहरीवर ऐकतात. उपग्रह वेगात आहे म्हणून त्याचे घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते आणि पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणापासून दूर आहे म्हणून सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. दोन्ही मिळून ३८ मायक्रोसेकंदांची आघाडी. म्हणून जमिनीवर असतानाच हे घड्याळ किंचित मंद लावून वर पाठवतात. आइनस्टाइनचे दोन्ही सापेक्षता सिद्धांत यात रोज राबतात, आणि त्यांचा हिशेब चुकला तर दिवसभरात जागेचा अंदाज काही किलोमीटर चुकेल.

जागा कळणे ही जीपीएसची ओळख झाली, पण मुळात ही वेळेची यंत्रणा आहे. चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले यावरून मॉड्यूल चार अज्ञात सोडवते. त्यांतली तीन जागेची असतात आणि चौथे असते मॉड्यूलच्या स्वतःच्या घड्याळाची चूक. ती कळली की सेकंद दुरुस्त होतो. वेळेसाठीच बनवलेली खास मॉड्यूल्स याच्याही पुढे जातात. अँटेना हलणार नाही हे गृहीत धरून ती काही तास आपली जागा मोजत बसतात, ती पक्की करतात आणि मग सगळे लक्ष वेळेवर ठेवतात. त्यानंतर एकच उपग्रह दिसला तरी सेकंद चालू राहतो.

प्रयोग करणाऱ्याला यापुढे हवी असते वारंवारता. ऑसिलोस्कोप, फ्रीक्वेन्सी काउंटर, रेडिओ संच या सगळ्यांच्या आत एक क्वार्ट्झ क्रिस्टल असतो आणि तो सांगेल तेच खरे मानावे लागते. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत वीस असली, तर १० मेगाहर्ट्झला ती २०० हर्ट्झ होते. त्यात बीडचा उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर गेला की क्रिस्टल आपली जागा सोडतो आणि मध्यरात्री पुन्हा दुसरीकडे जातो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला काउंटर दहा आकडे दाखवतो. त्यांतले शेवटचे चार खरे आहेत का, हे तपासायला दुसरे काहीतरी त्याहून चांगले जवळ असावे लागते. ते बहुतेक ठिकाणी नसते.

अनेक मॉड्यूल्सना सांगता येते की सेकंदाला एक पल्स नको, एक कोटी पल्स दे. म्हणजे थेट १० मेगाहर्ट्झ. यू-ब्लॉक्स या स्विस कंपनीच्या एम८ पिढीच्या मॉड्यूलची एक सेटिंग बदलली की पिनेवर १० मेगाहर्ट्झ हजर होतात. पहिल्यांदा हे करणाऱ्याला काम संपल्यासारखे वाटते. मग तो सिग्नल ऑसिलोस्कोपवर घेतला जातो आणि कडा थरथरताना दिसतात. कारण साधे आहे. मॉड्यूलच्या आतले घड्याळ ४८ मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर चालते आणि पल्सची कड त्या ठोक्यावरच पडू शकते, दोन ठोक्यांच्या मध्ये नाही. ४८ भागिले १० म्हणजे ४.८. तेव्हा मॉड्यूल चार लहरी पाच-पाच ठोक्यांच्या देते आणि पाचवी चार ठोक्यांची. सरासरी अचूक १० मेगाहर्ट्झ भरते, पण एकेक लहर वेडीवाकडी असते. त्याऐवजी ८ मेगाहर्ट्झ मागितले तर प्रत्येक लहरीला बरोबर सहा ठोके येतात आणि सिग्नल एकदम स्वच्छ दिसतो. तरीही आतला क्रिस्टल पूर्ण बरोबर नसल्याने मधूनच एखादा ठोका गाळावा किंवा घालावा लागतो, आणि कड एकवीस नॅनोसेकंदांनी उडी मारते. ही उडी डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. यंत्रावर छापलेला आकडा आणि यंत्राचे खरे वागणे यांतले अंतर विद्यार्थ्याला इतक्या कमी खर्चात दाखवणारा दुसरा प्रयोग सापडणे कठीण.

पीपीएसची कड दर वेळी तीसेक नॅनोसेकंदांनी इकडे-तिकडे होते असे धरू. एका सेकंदात मोजमाप केले तर वारंवारतेतली चूक दहा कोटींत तीन. हे काही फार भारी नाही, चांगला क्वार्ट्झ यापेक्षा सरस असतो. पण हजार सेकंद मोजले तरी कडेची चूक तीस नॅनोसेकंदच राहते, ती साचत नाही, म्हणून वारंवारतेची चूक शंभर अब्जांत तीनवर येते. पूर्ण दिवस मोजले तर दहा हजार अब्जांत साडेतीन. एसटीची गाडी रोज पाच-दहा मिनिटे मागेपुढे येते, पण म्हणून वर्षाच्या शेवटी ती वेळापत्रकाच्या एक दिवस मागे पडलेली नसते. जीपीएसचा सेकंद तसा आहे. क्वार्ट्झचे उलटे. तो क्षणोक्षणी अत्यंत स्थिर असतो आणि महिन्याभरात हळूहळू भरकटतो.

दोघांचे गुण एकत्र करणाऱ्या जोडणीला जाणकार जीपीएसडीओ म्हणतात. यात क्वार्ट्झचा क्रिस्टल एका बारीक भट्टीत बसवतात आणि ती भट्टी बाहेरच्या कोणत्याही उन्हाळ्यापेक्षा जास्त, सत्तर-ऐंशी अंशांवर, कायम ठेवतात. बाहेर बेचाळीस अंश असोत की बारा, आतल्या क्रिस्टलला ते जाणवत नाही. मग एक छोटा मायक्रोकंट्रोलर या क्रिस्टलचे ठोके पीपीएसशी ताडून पाहतो आणि विजेचा दाब अगदी किंचित कमीजास्त करून क्रिस्टलला रेषेवर आणतो. घाई केली तर जीपीएसची थरथर क्रिस्टलमध्ये शिरते. फार ढिलाई केली तर क्रिस्टल भरकटतो. किती मिनिटांची सरासरी घ्यायची, हा या छंदातला सगळ्यात मोठा वाद आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक क्रिस्टलसाठी वेगळे निघते. ते शोधण्याची गणिती रीत डेव्हिड अ‍ॅलन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडली. अ‍ॅलन डेव्हिएशन या नावाने ती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते.

नवख्यांचा इथे हमखास एक गोंधळ होतो. अँटेनाची केबल वीस मीटर लांब असेल तर सिग्नलला सुमारे शंभर नॅनोसेकंद उशीर होतो, मग सगळेच चुकले का? वेळ हवी असेल तर हो, तेवढे वजा करावे लागतात. वारंवारता हवी असेल तर नाही. उशीर रोज तेवढाच असेल तर दोन सेकंदांमधले अंतर बदलत नाही. बदलता उशीर मात्र नडतो, आणि मराठवाड्याच्या आभाळात त्याचे मोठे कारण आहे.

पालीत उंच इमारती नाहीत, त्यामुळे भिंतींवरून परतणाऱ्या लहरींचा शहरासारखा त्रास नाही. पण भारताचा बराचसा भाग अशा अक्षांशांत येतो जिथे वातावरणाच्या वरच्या थरातला विद्युतभारित पट्टा, आयनांबर, जगात सगळ्यात अस्वस्थ असतो. दुपारी तो दाट होतो आणि जीपीएसची लहर काही दशक नॅनोसेकंद अडवून धरतो. रात्री विरळ होतो. सूर्य मावळल्यावर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, त्यात पोकळ्या तयार होतात आणि उपग्रहांचे सिग्नल थरथरतात. सूर्यावर डागांची धामधूम असलेल्या वर्षांत हे वाढते. विमानांसाठी ‘गगन’ ही यंत्रणा उभारताना भारतीय शास्त्रज्ञांना परदेशी गणित जसेच्या तसे उचलता आले नाही, आपल्या आयनांबरासाठी वेगळे प्रारूप बसवावे लागले. एका लहरीवर ऐकणाऱ्या स्वस्त मॉड्यूलला हा उशीर पूर्णपणे पुसता येत नाही. तेव्हा आठवडाभर नोंदलेला आलेख पाहिला तर त्यात दिवस-रात्रीची एक मंद लाट सापडते. घड्याळ तपासायला बसलेल्या माणसाला अशा रीतीने आपल्या गावावरचे आयनांबर मोजता येते. दोन लहरींवर ऐकणारी नवी मॉड्यूल्स महाग आहेत, पण त्यांना दोन्ही लहरींच्या उशिरातला फरक पाहून ही लाट काढून टाकता येते.

एवढे अचूक प्रमाण हाताशी आल्यावर त्याचे करायचे काय? पालीत सुरुवात विजेपासून करावी. लाईट येते तेव्हा ती ५० हर्ट्झची येते असे पाठ्यपुस्तकात असते. प्रत्यक्षात ग्रिडच्या नियमांनी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा ठरवून दिला आहे आणि खरा आकडा त्यात आणि कधी त्याबाहेर सतत हलत असतो. काही स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची चूक अर्धा टक्का असू शकते. ५० हर्ट्झचा अर्धा टक्का म्हणजे पाव हर्ट्झ, ग्रिडच्या सगळ्या पट्ट्याहून जास्त. असा बोर्ड ५०.२५ दाखवील आणि बघणारा विनाकारण घाबरेल. पीपीएसशी ताडून घेतलेला तोच बोर्ड खरा आकडा देतो. ट्रान्सफॉर्मरच्या चांगल्या ॲडॉप्टरने २३० व्होल्टपासून स्वतःला वेगळे ठेवून हे करायचे, थेट सॉकेटला काही जोडायचे नाही.

तो आकडा एकट्या पालीचा नसतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर आणि रायचूर यांच्यातली ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाला जोडले गेले. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच वारंवारता आहे. गावाच्या डीपीचा फ्यूज उडाला, शेतीचा फीडर बंद झाला, तरी त्या आकड्याला त्याची खबर नसते. मोठी घडामोड मात्र त्यात लगेच उमटते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवून पणत्या लावण्याचे आवाहन झाले होते. देशाची मागणी काही मिनिटांत ३१ हजार मेगावॉटहून जास्त खाली आली. वारंवारता त्या वेळात ४९.७० आणि ५०.२६ या टोकांपर्यंत जाऊन आली. जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती वेगाने उतरवली आणि पुन्हा चढवली म्हणून ग्रिड टिकले. त्या रात्री पालीत असा प्रयोग चालू असता तर ती सगळी कहाणी एका कागदावर उतरली असती.

याच जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक केंद्राला २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी संच बंद ठेवावे लागले होते. वीज बीडमध्ये बनते, दुष्काळ बीडमध्ये पडतो आणि तोल देशाच्या ग्रिडला सांभाळावा लागतो. तो सांभाळणाऱ्या नियंत्रण केंद्रांना आता दूरदूरच्या उपकेंद्रांतून फेजर मापक यंत्रांचे आकडे येतात, आणि या प्रत्येक यंत्राला जीपीएसचा सेकंद लागतो. ५० हर्ट्झच्या लहरीत एक अंश म्हणजे सुमारे ५६ मायक्रोसेकंद. दोन ठिकाणच्या घड्याळांत तेवढाही फरक पडला तर वीज कुठून कुठे वाहते आहे याचे चित्र चुकते. जुलै २०१२ मध्ये लागोपाठ दोन दिवस उत्तर भारत अंधारात गेला, तेव्हा नेमके आधी काय तुटले याचा शोध घेताना अशाच वेळ-शिक्का मारलेल्या नोंदी कामी आल्या.

मोबाइलच्या टॉवरचेही तेच. ५जीमध्ये बहुतेक ठिकाणी बोलणे आणि ऐकणे एकाच लहरीवर, आळीपाळीने चालते. शेजारच्या टॉवरशी ही पाळी जुळावी म्हणून प्रत्येक टॉवरचे घड्याळ समान वेळेच्या दीड मायक्रोसेकंदाच्या आत लागते. हौशी रेडिओवाल्यांना वेगळी अडचण येते. कतारच्या एस-हेल-२ या उपग्रहावरचा हौशींसाठी राखलेला ट्रान्सपाँडर पालीच्या आभाळात पश्चिमेला सुमारे तीस अंशांवर सापडतो, पण डिशच्या एलएनबीतला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ३९० पटींनी वाढवला जातो. त्यातली दहा लाखांत दहाची चूक जवळजवळ ९८ किलोहर्ट्झ होते आणि काही किलोहर्ट्झ रुंदीचा आवाज शोधूनही सापडत नाही. क्रिस्टलच्या जागी जीपीएसडीओचा सिग्नल दिला की आवाज जिथे असायला हवा तिथेच मिळतो.

महाराष्ट्रात वारंवारतेची सगळ्यात कडक परीक्षा होते ती जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर दोन तबकड्यांवर येते तेव्हा तिचा एक हेलकावा ०.७ नॅनोसेकंदाचा असतो. त्याच्या निम्म्याने जुळणी चुकली की दोन्ही सिग्नल एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक तबकडीला स्वतंत्र घड्याळ दिलेले नाही, मध्यवर्ती ठिकाणची एकच प्रमाण वारंवारता ऑप्टिकल फायबरने सगळ्यांपर्यंत जाते. जून २०२३ मध्ये भारतीय पल्सार गटाने युरोपीय सहकाऱ्यांसह गुरुत्वीय लहरींच्या मंद पार्श्वरवाचे पुरावे जाहीर केले, त्यात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. आकाशातले पल्सार, म्हणजे नियमित ठोके देणारे तारे, आणि जमिनीवरचे घड्याळ वर्षानुवर्षे ताडून पाहणे हाच तो प्रयोग. मापे वेगळी, पण रीत पालीच्या माळवदावरचीच.

आता मराठवाड्याचा नंबर आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, तेव्हा ती लिव्हिंग्स्टनला हॅनफर्डच्या सुमारे सात मिलिसेकंद आधी पोचली होती. लहर कोणत्या दिशेने आली याचा अंदाज याच फरकावरून बांधतात, आणि हा फरक मोजता येतो कारण दोन्ही केंद्रांतली घड्याळे जीपीएसला बांधलेली आहेत. औंढ्याचे केंद्र सुरू झाले की दिशा कितीतरी बारकाईने सांगता येईल.

हा सेकंद परक्याचा आहे, याचा विसर पडता कामा नये. २६ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेने एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढला. त्या वेळी जमिनीवरच्या सॉफ्टवेअरच्या चुकीने अनेक उपग्रहांनी सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकलेली प्रमाणवेळ प्रसारित केली. जागा बरोबर दाखवली जात होती, नकाशे चालत होते, म्हणून सामान्य माणसाला काही कळले नाही. जगभर वेळेवर चालणाऱ्या यंत्रांचे गजर मात्र वाजले. ज्यांच्याकडे जीपीएसशी ताडून पाहायला दुसरे चांगले घड्याळ होते, त्यांना ही चूक लगेच ओळखता आली.

भारताने नाविकच्या रूपाने आपली यंत्रणा उभारली, पण वेळेनेच तिला दगा दिला. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी जाणारा उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णताकवच न उघडल्याने वाया गेला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ वर पहिल्यांदा अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने बनवलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ होते, आणि त्या उपग्रहाने साध्या मोबाइललाही ऐकता येईल अशी १५७५.४२ मेगाहर्ट्झची लहर आणली. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ आपल्या कक्षेत पोचू शकला नाही. जमिनीवर दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सांभाळते. ही वेळ अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या केंद्रांतून देशभर द्यायचे काम हाती घेतले आहे, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीच्या नियमांचा मसुदाही आला. बँका, ग्रिड, दूरसंचार यांनी परक्या सेकंदावर विसंबू नये ही भूमिका योग्यच आहे, आणि ती फार उशिरा घेतली गेली.

या सगळ्याला माणसे लागतील. औंढ्याच्या प्रकल्पाला, उपकेंद्रांना आणि टॉवरना नॅनोसेकंद म्हणजे काय हे हाताने अनुभवलेले तंत्रज्ञ लागतील, आणि ते बीड, परभणी, हिंगोलीच्या मुलांमधून यायला हवेत. लागणारी सामग्री एका शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चाहूनही स्वस्त आहे. विज्ञान शिक्षकांनी एक मॉड्यूल घ्यावे, अँटेना शाळेच्या स्लॅबवर लावावा आणि मुलांना वर्षभर विजेची वारंवारता नोंदायला लावावी. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात ग्रामीण शाळा आपले प्रयोग मांडतात. येत्या २८ फेब्रुवारीला तिथल्या एखाद्या टेबलावर बीड जिल्ह्यातल्या मुलांनी काढलेला ५० हर्ट्झचा आलेख असावा.